चाकूच्या मुठीला निळी चिंधी कशासाठी?

गेल्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास आपल्याच वस्तीतल्या एका पोराचा फोन आला. कलानिकेतनचा कोर्स अर्धवट सोडून तो गेली तीन वर्षं सिनेमाच्या कलाविभागात राबतोय. मोरेवाडीच्या चित्रनगरीत सेट लागला की याला बोलावणं येतं. थर्माकोलचे दगड, प्लायवूडचे वाडे, रंगवलेली जुनी दारं अशी कामं. या वेळी मात्र पहिल्यांदाच त्याच्याकडे एक अख्खी वस्तू 'डिझाइन' करायला दिली होती. एका ॲक्शन चित्रपटातल्या खलनायकाचा चाकू. पोरगा खुशीत होता. मग त्याला कागदावर सूचना मिळाल्या. पातं आठ इंच, थोडं वाकडं, गंजल्यासारखं. मूठ ओबडधोबड. चाकू 'झोपडपट्टी टाइप' वाटला पाहिजे. आणि शेवटची सूचना : मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली.

"दादा, काम सोडू काय?" एवढंच त्यानं विचारलं.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर माझं पहिलं उत्तर 'सोड' असंच होतं. तोंडावर फेकून मार तो कागद आणि ये घरी. पण हे उत्तर देणं माझ्यासारख्याला सोपं आहे, घरभाडं त्याला भरायचं आहे. शिवाय तो उठून गेला तर चाकू बनायचा थांबणार नाही. दुसरा कुणीतरी बनवेल, आणि त्याच्या मनात निळ्या चिंधीबद्दल प्रश्नसुद्धा येणार नाही. म्हणून या विषयावर जरा नीट बोलू. आपल्या चळवळीत सिनेमावर बोलणं म्हणजे 'अमुक सिनेमात बाबासाहेबांचा फोटो दिसला' म्हणून टाळ्या वाजवणं किंवा 'तमुक सिनेमावर बंदी घाला' म्हणून निवेदन देणं, एवढंच उरलंय. पडद्यावरची वस्तू कुठून येते, कोण घडवतो, कोण ठरवतो, याकडे आपलं लक्षच नसतं.

आधी हे समजून घ्या की सिनेमातला चाकू हा एक चाकू नसतो. तो तीन-चार चाकूंचा संच असतो. कॅमेरा जवळ येतो तेव्हा दिसणारा पहिला. तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, कारण ते हलकं असतं, घासायला सोपं असतं आणि पॉलिश केलं की पोलादासारखं चमकतं. त्याला धार नसते. काठ दोन-तीन मिलिमीटर जाड ठेवून गोल घासतात, टोक बोथट करतात, आणि धारेची चमक रंगानं काढतात. दुसरा मारामारीसाठी, रबराचा. पहिल्यावरून साचा घेऊन ओततात, आत तार किंवा फायबरची काडी घालतात, नाहीतर पळताना पातं लिबलिबतं आणि थिएटरात हशा पिकतो. तिसरा स्प्रिंगचा. दाबला की पातं मुठीत जातं. स्प्रिंग अडकू शकते, म्हणून तोही सरळ अंगावर रोखायचा नसतो, तिरका धरून कॅमेऱ्याच्या कोनातून खोट काढायची असते. आणि चौथा अर्धाच, कपड्याखालच्या पट्टीवर बसवलेला, शरीरात घुसल्यासारखा दिसणारा. हे सगळे डोळ्याला एकच वाटले पाहिजेत. मुठीवरचा एक ओरखडा पहिल्यावर असेल तर चौघांवर हवा. यात हयगय झाली तर काय होतं ते जगानं २१ ऑक्टोबर २०२१ ला पाहिलं. अमेरिकेत 'रस्ट' चित्रपटाच्या सेटवर सुरक्षित समजून हातात दिलेल्या बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला. चाकूचंही तसंच आहे. बनवणाऱ्याच्या हातावर नटाचा जीव असतो.

आता हा चाकू कोल्हापुरात बनवायचा म्हटला तर कुणाकडे जायचं? पातं कापायला उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवाल्याकडे. तापवून ठोकून जुनं रूप द्यायचं तर लोहाराकडे, नाहीतर रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडे. चकाकी काढायला शिकलगार. म्यान चामड्याचं हवं असेल तर चप्पल बनवणाऱ्या आपल्या चांभार बांधवाकडे. म्हणजे बघा, एका खोट्या चाकूसाठीसुद्धा ज्यांच्या दारात जावं लागतं ती सगळी बलुतेदार, अलुतेदार, भटक्या जातींची दारं आहेत. पूर्वीच्या खऱ्या तलवारीच्या म्यानाचा हिशेब तर आणखी बोलका आहे. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढायचं काम महारांच्या माथी मारलेलं, कातडं कमवायचं ढोर समाजानं, शिवायचं चांभारानं आणि जिनगरानं, आणि ती तलवार कमरेला लावून मिरवायचं मात्र भलत्यानंच. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, असं बाबासाहेब सांगत होते. ते एका म्यानात उलगडून दाखवता येतं. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पोरांना घेऊन जाता तेव्हा शस्त्रांच्या दालनात जरा वेळ थांबा. कुणी वापरलं ते सांगणाऱ्या पाट्या वाचा आणि कुणी घडवलं ते सांगणारी पाटी शोधा.

सिनेमाचंही तसंच झालं. हे कोल्हापूर म्हणजे मराठी सिनेमाचं माहेर, असं आपण अभिमानानं म्हणतो. पण तो सिनेमा उभा केला कुणी? बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव मिस्त्री. कारागिराच्या घरातला माणूस. शाळेत जाऊन कला शिकला नाही, नाटकाचे पडदे रंगवत शिकला. त्यांनी आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी परदेशी कॅमेरा विकत घ्यायची ऐपत नाही म्हणून स्वतःच कॅमेरा बनवायचा घाट घातला. आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी तो पुरा केला. कंपनीला भांडवल लागलं तेव्हा पैसा पुढे केला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. सुतारकी-मिस्त्रीकीतून आलेला एक कारागीर आणि एक गाणारी बाई, हा आपल्या सिनेमाचा पाया आहे. आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

आणि साल बघा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. ७ फेब्रुवारी १९२० ला, म्हणजे बरोबर आठवड्यानं, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पुण्यात झळकला. २१ आणि २२ मार्चला माणगावची परिषद झाली, जिथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. दोन महिन्यांच्या आत याच टापूतून अस्पृश्यांना वाणी मिळते, नेता मिळतो आणि मराठी पडद्यावर हिंसा अवतरते. 'सैरंध्री'तला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षक हादरले आणि सरकारी सेन्सॉरनं ते दृश्य काढायला लावलं. तेव्हा सिलिकॉन नव्हतं. लाकूड, कापड, रंग आणि कारागिराचं डोकं.

पण मला 'सैरंध्री'पेक्षा त्याच बाबूरावांचा १९२५ चा 'सावकारी पाश' जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात शेतकऱ्याचा जीव घ्यायला ना तलवार लागते ना कट्यार. सावकाराचा खोटा कागद लागतो. तरुण व्ही. शांतारामांनी त्यात शेतकऱ्याचं काम केलं होतं. जमीन जाते, घर जातं, गाव सुटतं. रक्ताचा थेंब न सांडता माणूस मारणारं हत्यार त्या कारागिराला शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. पुढे त्याच कोल्हापुरात ऐतिहासिक चित्रपटांची लाट आली, पडद्यावर तलवारी खणखणू लागल्या, आणि तो कागद आपण विसरलो.

तर मुद्दा असा की हत्यार कधीच मुकं नसतं. ते कुणाच्या हातात द्यायचं आणि कसं दिसलं पाहिजे, यात सगळं राजकारण आहे. आपल्या ॲक्शन सिनेमात नायकाचं शस्त्र देवघरातून येतं. त्याची पूजा होते, त्यावर हळदकुंकू असतं, ते बापजाद्यांचं असतं, चकचकीत असतं. खलनायकाच्या पंटरचं शस्त्र मात्र गटाराच्या कडेनं येतं. गंजकं, चिंध्या बांधलेलं. नायक मारतो तो न्याय, पंटर मारतो तो गुन्हा. प्रेक्षकाला संवादातून काही सांगावंच लागत नाही, चाकू बघूनच त्याला कळतं कोण कुठल्या गल्लीतला. आणि आता त्या चाकूला निळी चिंधी बांधली की गल्लीचं नावही कळतं. निर्माता उद्या म्हणेल, निळा काय फक्त तुमचाच रंग आहे का? नाही, आमचा एकट्याचा नाही. मग त्या चिंधीसाठी नेमका निळाच का सुचला, एवढंच सांगा. ज्या मुठीवर भगवी चिंधी बांधायची हिंमत होणार नाही, तिच्यावर निळी सहज सुचते. हा योगायोग नाही, ही सवय आहे.

कोयत्याचं उदाहरण तर ताजं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. माणसाला नाव नाही, त्याच्या हत्याराचं नाव त्याला. थंडीत पहाटे उठून, पोर फडाच्या कडेला निजवून जो कोयता आपल्या चहातल्या साखरेसाठी चालतो, त्याच कोयत्याचा अर्थ वर्तमानपत्रांनी दोन वर्षांत बदलून टाकला. आता कोयता म्हटलं की पुढे 'गँग' हाच शब्द येतो. गुंड पोरांनी कोयते नाचवले हे खरं, त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण कष्टाच्या अवजाराला गुन्ह्याचं चिन्ह बनवायला किती कमी वेळ लागतो, हे ध्यानात घ्या. चप्पल कापायची रापी, विळा, खुरपं, सत्तूर, सगळ्यांची पाळी येऊ शकते.

आता आपल्या बाजूचा एक युक्तिवाद असतो. तो मला व्हॉट्सॲपवर कैकदा ऐकावा लागलाय. ते म्हणतात, मग आपल्या नायकाच्या हातात तलवार द्या! तमिळमध्ये मारी सेल्वराजनं २०२१ च्या 'कर्णन'मध्ये दिलीच की. गावानं मानाची तलवार नायकाच्या हाती सोपवली आणि तो लढला. मला 'कर्णन' आवडला. त्याला कारणही आहे. 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट मांडलंय की चातुर्वर्ण्यानं खालच्या वर्णांना शस्त्र आणि शिक्षण दोन्ही नाकारलं, म्हणून इथे बंड झालं नाही. शस्त्रबंदी ही गुलामीची अट होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेल्यांच्या वारसांना पुढे इंग्रजांनीच सैन्यभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत आपल्या माणसांनी अर्जावर अर्ज केले. ते शस्त्र मागत नव्हते, माणूस म्हणून दर्जा मागत होते. त्यामुळे पडद्यावर दलित नायकाच्या हाती तलवार दिसली की आपल्या छातीत काहीतरी हलतं, ते उगाच नाही.

पण मित्रांनो, थिएटरातून बाहेर आल्यावर काय होतं तेही बोलूया. वाढदिवसाला रस्त्यावर तलवारीनं केक कापायचा, रील टाकायची, दुसऱ्या दिवशी आर्म ॲक्ट ४, २५ आणि पोलीस कायदा ३७(१), १३५ चा गुन्हा. ज्याच्या बापाची ओळख आहे तो सुटतो. आपला पोरगा मात्र पोलीस भरतीत मैदानी चाचणी पास होऊन चारित्र्य पडताळणीत अडकतो. मी असा एक नाही, अनेक पोरगे पाहिले आहेत. ज्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यांच्याच नगरीत दीडशे रुपयांच्या केकपायी सरकारी नोकरी घालवायची? आणि तलवार बोथट होती, शोभेची होती, हे सांगून भागत नाही. कायदा फक्त निव्वळ खेळण्याला सूट देतो, म्हणजे ज्याचं पुढे खरं हत्यार करताच येणार नाही अशा वस्तूला. पोलादाच्या बोथट पात्याला धार लावायला सहाण पुरते. म्हणून त्या कलाविभागातल्या पोरालाही मी पहिलं हेच सांगितलं की कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र खिशात असल्याशिवाय तो चाकू घेऊन एसटीत चढू नकोस. नाक्यावर बॅग तपासली आणि आधार कार्डावर आपल्या वस्तीचा पत्ता दिसला, तर 'साहेब, सिनेमाचा आहे' हे वाक्य कुणी ऐकून घेणार नाही.

गंमत म्हणजे ज्या पोरांना आर्म ॲक्टची कलमं पाठ असतात, त्यांना ॲट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम माहीत नसतात. त्यातला तिसरा नियम वाचा. अत्याचारप्रवण भागात सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रं सरकारजमा करायची, आणि गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे, असं तिथे लिहिलंय. हे अमलात आणा म्हणून मोर्चा निघालेला मला आठवत नाही. तलवारीच्या रील मात्र रोज दिसतात. संविधानसभेत १९४८ च्या डिसेंबरमध्ये कामथांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क मागितला, तेव्हा बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. शस्त्रबंदीनं आपलं काय केलं हे ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक होतं, त्या माणसानं ही भूमिका घेतली. सगळ्यांना शस्त्र मोकळं केलं तर ते आधी कुणाच्या हातात जाईल आणि कुणावर चालेल, हे गावगाड्यात राहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक शंका एका ज्येष्ठ उपासकांनी काढली. शस्त्रांचा व्यापार उपासकानं करू नये असं तथागतांनी सांगितलंय, सम्यक आजीविकेत ते बसत नाही, मग आपल्या पोरानं चाकू बनवावाच का? प्रश्न चांगला आहे, मी त्याला हसण्यावारी नेत नाही. पण व्यापार वर्ज्य आहे तो मारणाऱ्या शस्त्राचा. ज्याची सगळी कारागिरी 'कुणालाही इजा होऊ नये' यासाठी खर्च झालीय, काठ गोल घासलाय, टोक बोथट केलंय, तो चाकू त्यात कसा बसेल? सिद्धार्थानं रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध नको म्हणून घर सोडलं, असं बाबासाहेब 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सांगतात. त्याच ग्रंथात अंगुलिमालही आहे. त्याच्या हातात शस्त्र नसतंच, तर त्यानं टाकलं काय हे कळलं असतं का? हिंसेची गोष्ट सांगायला हिंसेची वस्तू दाखवावी लागते. कशासाठी दाखवता, हा खरा प्रश्न.

आणि न दाखवताही सांगता येतं. 'सैराट'चा शेवट आठवा. २०१६ साली आपण सगळे त्या शेवटाला गप्प होऊन बसलो होतो. माहेरची माणसं आहेर घेऊन येतात. चहा होतो. पुढचं आपल्याला दिसत नाही. वार दिसत नाही, आवाजसुद्धा नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आणि मग ती छोटी लाल पावलं. नागराज मंजुळेंच्या कलाविभागाला तिथे भला मोठा चाकू बनवता आला नसता का? पण चाकू दाखवला असता तर लोकांनी चाकू पाहिला असता. दाखवला नाही म्हणून जात पाहिली. आधीच्या 'फँड्री'त जब्यानं भिरकावलेला दगड तर सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावरच येतो. एक साधा दगड, फुकटात मिळणारा, आणि त्यानं किती मोठं काम केलं! खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली, तेव्हा कुठल्या गँगनं नाही, गावानं मारलं होतं. त्या गावाच्या हातातलं हत्यार आपला ॲक्शन सिनेमा कधी 'डिझाइन' करतो का? त्याला दिसतो फक्त झोपडपट्टीतला गंजका चाकू.

मी त्या पोराला तीन दिवसांनी फोन केला. म्हटलं, सोडू नकोस. पण चिंधी बांधू नकोस. भांडायला जाऊ नकोस, कामानं उत्तर दे. खलनायक कोण आहे ते वाच. पटकथेनुसार तो बिल्डरचा माणूस, जमिनी बळकावणारा, सातबारावर डोळा असलेला. मग त्याच्या हातात झोपडपट्टीचा चाकू येईलच कसा? त्याच्याकडे असेल महागडं, परदेशी, चामड्याच्या म्यानातलं काहीतरी. ऑफिसच्या टेबलावर पाकिटं फोडायला ठेवलेली सुरी असेल. कागद कापणाऱ्या सुरीनंच माणूस कापला तर ते जास्त भयानक नाही का? मनात माझ्या 'सावकारी पाश' होता, पण त्याला तेवढं सांगितलं नाही.

त्यानं दोन चित्रं काढली. एक, त्यांना हवा होता तसा चाकू, पण मुठीला सुतळी, रंग नाही. दुसरं, पितळी मुठीची, सरळ पात्याची, टेबलावरची सुरी. दोन्ही घेऊन गेला. काय बोलला ते मला नीट कळलं नाही, त्याला बोलताना धाप लागते. पण सुरी पसंत झाली. दिग्दर्शकाला म्हणे ती 'क्लासी' वाटली. जात-बीत कुणी काही बोललं नाही, निळ्या चिंधीचा विषयच निघाला नाही, ती कागदावरून गुपचूप गेली. मला वाटलं होतं निदान थोडा वाद होईल.

सुरीचे चार नग झाले. पितळी मूठ उद्यमनगरात ओतली, पातं एका लोहारकाकांनी जुनं करून दिलं, म्यान सुभाषनगरातल्या एका कारागिरानं शिवलं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानला कोल्हापुरीसारख्याच चपला नाव न घेता मिरवल्या, तेव्हा हेच काका तावातावानं बोलत होते. म्यान देताना त्यांनी पोराला विचारलं, "सिनेमात आमचं नाव येतंय काय रे?"

पोरानं श्रेयनामावलीसाठी तिघांची नावं लिहून दिली आहेत, स्वतःचं चौथं. आधी सांगितलं, कलाविभागात फक्त प्रमुखाचं नाव जातं. त्यानं पुन्हा अर्ज दिलाय, या वेळी लेखी आणि पोच घेऊन. अजून उत्तर आलेलं नाही.

जय भीम.